घराची किंमत रजिस्ट्रीवर थांबत नाही



टावर चौकात संध्याकाळी दहा मिनिटे उभे राहिले तरी हल्ली तीन विषय हमखास कानावर पडतात : सिंहस्थ, रस्त्यांचे रुंदीकरण आणि प्लॉटचे भाव. २०२८ चा सिंहस्थ जसजसा जवळ येतो आहे, तसतसा तिसरा विषय पहिल्या दोघांना मागे टाकत चालला आहे. पोहे-जिलेबीच्या गाड्यापाशी उभा असलेला माणूसही आज नानाखेड्याचा, देवास रोडचा किंवा इंदूर रोडचा भाव सांगू शकतो. मात्र घेतलेल्या घरात राहायला पुढची वीस वर्षे काय खर्च येईल, हे कोणी विचारत नाही. या अंकात त्याच प्रश्नाकडे आपले लक्ष वेधायचे आहे.

भाव का वाढले, हे समजून घेणे आधी आवश्यक आहे. महाकाल लोकच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण ११ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले आणि त्यानंतर उज्जैनला येणाऱ्या यात्रेकरूंची संख्या एकदम वाढली. मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांतील राहती घरे होम-स्टे आणि लॉज होऊ लागली. जे कुटुंब तेथून बाहेर पडले, त्याने फ्रीगंज, ऋषिनगर, महानंदा नगर, वसंत विहार या बाजूला घर शोधायला सुरुवात केली. डिसेंबर २०२३ मध्ये उज्जैन दक्षिणचे आमदार डॉ. मोहन यादव मुख्यमंत्री झाले आणि शहरात मोठी कामे येणार ही अपेक्षा बाजाराने लगेच भावात धरली. इंदूर-उज्जैन मार्गाच्या सहापदरीकरणाचे भूमिपूजन २०२४ साली झाले. इंदूरला नोकरी आणि उज्जैनला घर हा हिशेब तेव्हापासून अनेक तरुण जोडप्यांना जमू लागला आहे.

ही वाढ खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्यात दोन प्रकारचे पैसे मिसळले आहेत. एक पैसा राहण्यासाठी घर घेणाऱ्याचा, आणि दुसरा सिंहस्थापूर्वी घेऊन सिंहस्थानंतर विकणाऱ्याचा. दुसऱ्या प्रकारचा पैसा जितका वेगाने येतो तितक्याच वेगाने जातोही. २०२५ साली सिंहस्थ क्षेत्रात पक्की बांधकामे करण्यासाठी लँड पूलिंगची योजना पुढे आली, शेतकऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये शासनाने ती मागे घेण्याची घोषणा केली. जमिनीबाबतचा सरकारी निर्णय काही महिन्यांत कसा फिरू शकतो, हे साऱ्या शहराने पाहिले. म्हणून कोणी कॉलोनायझर मेळा क्षेत्राच्या आसपास स्वस्त प्लॉट दाखवत असेल आणि 'पुढे सगळे नियमित होईल' असे सांगत असेल, तर त्याला हात जोडून नमस्कार करावा आणि घरी यावे. स्वस्तात मिळालेली अवैध कॉलनी ही सर्वांत महागडी कॉलनी असते.

रेरा कायदा २०१६ चा आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी त्याखाली बंधनकारक आहे. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो विनामोबदला दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची आहे. एवढ्या तीन गोष्टी माहीत असलेला ग्राहक सहसा फसत नाही. तरीही टोकन देऊन मगच कागद दाखवायला बँकेत येणारी मंडळी आम्ही खिडकीच्या या बाजूने रोज पाहतो.

आता मूळ मुद्दा. घराची किंमत आपण रजिस्ट्रीची रक्कम, मुद्रांक शुल्क आणि फार तर व्याज इतकीच धरतो. पण घर ज्या पद्धतीने बांधले आहे, त्याप्रमाणे ते दर महिन्याला विजेचे बिलही मागत राहते, आणि हा हप्ता कर्ज फिटल्यावरही संपत नाही.

उज्जैनचे अक्षांश २३ अंश ११ कला आहेत. २१ जूनच्या सुमारास दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो आणि काही क्षण आपली सावली पायाखाली नाहीशी होते. वेधशाळेत दरवर्षी हे पाहायला मुले जमतात. सवाई जयसिंगांनी उभारलेली ही वेधशाळा मोडकळीस आली होती. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करवला आणि तिची जबाबदारी गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाकडे आली. सूर्याचे गणित या गावाला नवे नाही. तेच गणित घराला लावले तर तीन गोष्टी कळतात. पहिली, उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन भिंतीवर पडत नाही, ते गच्चीवर पडते. दुसरी, दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात भर दुपारी ऊन फारसे लागत नाही. डिसेंबरात मात्र सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवर असतो आणि ते हवेहवेसे ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत येते. तिसरी, खरा त्रास पश्चिमेच्या भिंतीचा आहे, कारण दुपारी तीननंतरचे तिरके ऊन कोणत्याही छज्जाला दाद देत नाही.

आपल्या जुन्या वाड्यांना हे ठाऊक होते. रामचंद्रबाबा सुखटणकरांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले आणि पुढे बायजाबाई शिंदे यांनी गोपाळ मंदिर बांधले. त्या शिंदेशाहीत या गावात आलेल्या मराठी कुटुंबांनी जी घरे बांधली, त्यांत जाड भिंती, मधला चौक, चुन्याचा गिलावा, माळा आणि वर कवेलू होते. चौकातून गरम हवा वर निघून जायची, माळ्यामुळे छपराची उष्णता खालच्या खोलीत उतरायची नाही. माळव्याची रात्र थंड असते, 'शब-ए-मालवा' हे नाव तिला उगाच मिळालेले नाही. वाडा ती थंडी रात्री आत घ्यायचा आणि दुपारपर्यंत जपून वापरायचा.

आजची मल्टी बरोबर उलटे करते. चार-पाच इंचांचा उघडा काँक्रीट स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि आत माणूस एसी लावून झोपतो. वरच्या मजल्याचा फ्लॅट थोडा स्वस्त मिळाला म्हणून आनंद मानणाऱ्याला त्याचे कारण पहिल्या मे महिन्यात समजते. आणि असे फ्लॅट बहुधा कोणाच्या वाट्याला येतात? मुले पुणे-बंगळूरला गेल्यावर वाडा विकून 'आता जिने नकोत, लिफ्ट आहे' म्हणून आलेल्या ज्येष्ठ मंडळींच्या. उन्हाळा सर्वांत कमी सोसणारी माणसे सर्वांत तापणाऱ्या खोलीत राहतात. हा केवळ बिलाचा प्रश्न नाही, प्रकृतीचाही आहे.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' काढली. तिच्यात छताच्या उष्णता-वहनाला १.२ ची मर्यादा सांगितली आहे. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक उष्णता आत येते. म्हणजे आपण ज्या छताखाली राहतो ते या कसोटीत सरळ नापास आहे. पण संहिता प्रामुख्याने पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. आपल्यासारख्या सहाशे, हजार, पंधराशे चौरस फुटांत घर बांधणाऱ्यांकडे ती पाहतही नाही. तेव्हा आपले आपणच पाहिले पाहिजे.

खर्चाचा क्रम आम्ही असा सुचवतो. आधी छत, मग पंखे, मग सोलर आणि सर्वांत शेवटी एसी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

छतासाठी सर्वांत स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा आहे. उन्हाळ्यापूर्वी गच्ची स्वच्छ धुऊन चुन्याचे किंवा उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, तर वरच्या खोलीचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकते. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांत छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. आपल्याकडे हे काम रंगाऱ्याच्या दोन दिवसांच्या मजुरीचे आहे. चुना पावसात धुपतो, म्हणून तो दरवर्षी लावावा लागतो. ज्यांना कायमचे काम हवे त्यांनी फुटक्या पांढऱ्या टाइल्सची चायना मोझॅक करून घ्यावी. गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आणि हे काम एकत्रच करावे, म्हणजे एकाच खर्चात दोन्ही होते. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून जाळी, बांबूचा पडदा, वेल किंवा कडुनिंबाचे झाड द्यावे. पडदा खिडकीच्या आत लावला तर ऊन काचेतून आत आलेलेच असते.

आता पंख्यांचा हिशेब पाहू, कारण वाणिज्य शाखेच्या माणसाचे आकड्यांशिवाय समाधान होत नाही. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा सुमारे ३० वॉट. दिवसाला बारा तास चालला तर रोज अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त बचत होते. तीन पंख्यांचे महिन्याला ४८ युनिट वाचतात. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये लागतात. एकदा दीडशेची रेषा ओलांडली की तो लाभच जातो. महिन्याला १९० युनिट वापरणारे कुटुंब केवळ तीन पंखे बदलून १४२ वर येते आणि रेषेच्या आत बसते. ज्या घरात पेन्शनवर दोन माणसे राहतात तेथे हा फरक लहान नाही.

याउलट दीड टनाचा एसी तासाला सरासरी सव्वा युनिट धरला आणि रात्री आठ तास चालवला, तर रोज दहा आणि तीन महिन्यांत नऊशे युनिट होतात. सात रुपये दराने ही रक्कम सहा हजारांच्या वर जाते. एसी घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. घरात आजारी माणूस असेल तर तो घ्यावाच. पण तापलेल्या स्लॅबखाली एसी लावणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. छत आधी थंड केले तर तोच एसी कमी वेळ चालतो, आणि २४ अंशांवर ठेवला तर आणखी कमी वीज खातो.

सोलरविषयी सध्या घरोघरी विचारणा होते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरले आहे. मल्टी किंवा सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी, किलोवॉटमागे १८ हजार मिळतात. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते आणि आपल्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पॅनलच्या सावलीमुळे खालचा स्लॅबही कमी तापतो, हा फायदा वेगळाच. मात्र आधी वापर कमी करून मग सोलरचा आकार ठरवावा. पाचशे युनिटांचे बिल दाखवून मोठा संच विकणारा एजंट तुम्हाला पंखे बदला असे कधी सांगणार नाही.

आणि येथेच आपल्या समाजाची जुनी दुखणी आडवी येतात. योजना चांगली आहे, पण वीज जोडणी आजोबांच्या नावावर आहे, घर चार काकांच्या नावावर आहे, त्यांतील एक नागपूरला आणि एक अमेरिकेत. नामांतरण झालेले नाही, वाटणीपत्र तोंडी आहे. अशा घराला ना गृहकर्ज मिळते, ना दुरुस्तीचे कर्ज, ना सोलरचे अनुदान सहज मिळते. मग जो भाऊ तेथे राहतो तो म्हणतो, 'मी एकट्याने गच्चीवर खर्च का करू?' गच्ची गळत राहते, भिंत ओल धरते, आणि एके दिवशी दलाल येऊन सर्वांना एकत्र बसवतो. भाऊबंदांना जे वीस वर्षांत जमले नाही ते दलालाला एका दुपारी जमते, आणि वाडा जातो. आपण वाडे गेले म्हणून हळहळतो, पण त्यांतले बरेचसे महागाईने गेले नाहीत, कागद नसल्यामुळे गेले. केडी गेट ते इमली तिराहा रस्त्याच्या रुंदीकरणात घरांचे पुढचे भाग गेले. असे प्रसंग सिंहस्थापूर्वी आणखी काही भागांवर येऊ शकतात. मोबदला मागायचा असो वा उरलेले घर दुरुस्त करायचे असो, पहिला प्रश्न एकच असतो : घर कोणाच्या नावावर आहे?

ज्यांचे गृहकर्ज चालू आहे त्यांच्यासाठी एक सूचना. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. वीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज ९.५० टक्क्यांवरून ८.२५ टक्क्यांवर आले तर हप्ता १८,६४३ वरून १७,०४१ रुपये होतो, म्हणजे महिन्याला सुमारे सोळाशेचा फरक. ऑक्टोबर २०१९ नंतरची फ्लोटिंग दराची गृहकर्जे बाह्य दराशी जोडलेली आहेत, त्यामुळे तो फरक त्यांना आपोआप मिळायला हवा. त्याआधीचे कर्ज असेल तर ते अजून जुन्या पद्धतीच्या दरावर आहे का, हे शाखेत जाऊन विचारा आणि नव्या पद्धतीत बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. हप्त्यात वाचलेल्या पैशातून एका वर्षात छताचे आणि पंख्यांचे काम सहज होते. पहिलेच घर घेणाऱ्या आणि नऊ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांनी प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदानाची चौकशी अवश्य करावी. घराची किंमत ३५ लाख आणि कर्ज २५ लाखांच्या आत असेल तर त्यात १ लाख ८० हजारांपर्यंत लाभ आहे.

पण सर्व भार नागरिकाच्या माथी मारून चालणार नाही. जुलै २०२२ मध्ये निवडून आलेल्या आपल्या नगर निगमाची मुदत २०२७ मध्ये पूर्ण होते. निवडणूक आली की पार्षदपदाचे उमेदवार आपल्या दारी येतील, समाजाच्या कार्यक्रमात नारळ फोडतील, 'मराठी समाजाचे या शहरावर ऋण आहे' हे वाक्य मराठीतून म्हणून दाखवतील. टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण पक्ष कोणताही असो, त्यांच्या हाती पुढील चार मागण्या लेखी द्याव्यात.

एक, जो घरमालक छत थंड करील किंवा सोलर बसवील त्याला संपत्ती करात ठरावीक वर्षे सूट मिळावी. दोन, लहान घरांचा नकाशा मंजूर करतानाही छताचे उष्णतारोधन आणि पश्चिमेकडील सावली यांची साधी अट असावी, आणि ती पाळली की नाही हे पूर्णत्वाचा दाखला देताना पाहिले जावे. तीन, वॉर्डा-वॉर्डात नामांतरणाची शिबिरे घ्यावीत आणि अर्ज किती दिवसांत निकाली निघेल ते फलकावर लिहावे. चार, रस्ता रुंद करताना जेवढी झाडे जातील त्यांचा हिशेब त्याच वॉर्डात भरून काढावा. गावाबाहेर लावलेल्या रोपाची सावली फ्रीगंजच्या भिंतीवर पडत नाही.

समाज म्हणूनही आपण काही करू शकतो. दहा-पंधरा घरांनी एकत्र येऊन रंगारी, पंखे आणि सोलरचा भाव मागितला तर एकट्या घरापेक्षा तो नक्कीच कमी पडेल. आपल्यातील निवृत्त अभियंते, वकील आणि बँकेतील मंडळी यांनी महिन्यातून एक रविवार समाजाच्या कार्यालयात बसून कागदपत्रे पाहून दिली, तर अनेकांची नामांतरणाची अडलेली कामे मार्गी लागतील. गणेशोत्सवात आपण एवढी माणसे जमवतो, त्यांतली चार या कामासाठी मिळणे अवघड नाही.

घर विकायचे की ठेवायचे, नवे घ्यायचे की जुने दुरुस्त करायचे, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. तो भीतीपोटी किंवा चौकातल्या भावाच्या चर्चेवरून होऊ नये. सिंहस्थ २०२८ मध्ये येईल आणि जाईल, गर्दी ओसरेल, भाव वर-खाली होतील. त्यानंतरचे सर्व उन्हाळे आपल्याला याच घरात, याच छताखाली काढायचे आहेत. म्हणून पुढचे घर पाहायला जाल तेव्हा दुपारी तीन वाजता जा, जिना चढून वर जा आणि वरच्या खोलीच्या छताला हात लावून पाहा. मग भावाचे बोला.